देवघरातली लक्ष्मी रंगवणारा चित्रकार आणि कवळाण्याचा शेतकरीपुत्र : राजा रवि वर्मा यांची गोष्ट

संगमनेर : कमळावर उभी असलेली, चार हातांची, जरीच्या साडीतली लक्ष्मी माहीत नाही असं घर तालुक्यात सापडायचं नाही. देवघरात, किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे, दिवाळीच्या पूजेत हेच रूप दिसतं. ते घडवलं राजा रवि वर्मा यांनी. नावात राजा असलं तरी त्यांनी कुठं राज्य केलं नाही. पैसे घेऊन माणसांची चित्रं काढणं हा त्यांचा मूळ व्यवसाय. या कामातून मोठ्या माणसांशी जो जिव्हाळा जमला, त्यातूनच पुढं देवांची चित्रं घरोघरी पोहोचली.

कोळशानं भिंती रंगवणारा पोरगा

रवि वर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळातल्या किलिमानूर इथं झाला. लहानपणी ते कोळशानं घरच्या भिंतींवर चित्रं काढायचे. दुसरं कुणी असतं तर रागावलं असतं, पण मामांनी पोराचा हात ओळखला आणि १४ व्या वर्षी त्याला त्रिवेंद्रमच्या दरबारात नेलं. तिथं तैलरंगाचं काम शिकवायला कुणी तयार नव्हतं. दरबारी चित्रकारानं नकार दिला. थिओडोर जेन्सन नावाचा गोरा चित्रकार आला, त्यानं फक्त लांबून बघू दिलं. रवि वर्मांनी तेवढ्यावर भागवलं. बघून बघून, चुकत चुकत स्वतःच शिकले.

पहिली कमाई १८७० मध्ये झाली. कालिकतचे एक न्यायाधीश कृष्ण मेनन यांच्या कुटुंबाचं चित्र त्यांनी काढून दिलं. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं आणि नाव झालं.

व्यक्तिचित्राचं काम फोटोसारखं झटपट होत नाही. माणूस पुन्हा पुन्हा समोर बसवावा लागतो. तो अवघडला, कंटाळला की चेहरा लाकडासारखा होतो. त्यामुळं हातात कसब पाहिजेच, पण समोरच्याला मोकळं करायची हातोटीही पाहिजे. रवि वर्मांकडं दोन्ही होतं. म्हणूनच एका दरबारातून दुसऱ्या दरबारात त्यांना बोलावणी येत राहिली.

बडोद्याचं बोलावणं

त्रावणकोरचे जुने दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरकडचे मराठी गृहस्थ. पुढं ते बडोद्याचे दिवाण झाले. बडोद्याच्या गादीवर तेव्हा सयाजीराव गायकवाड होते. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातलं कवळाणे हे त्यांचं गाव. शेतकऱ्याचं पोर, मूळ नाव गोपाळ. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि नांगर-बैलांच्या घरातला मुलगा राजा झाला.

डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांच्या हाती कारभार आला, तेव्हा ते १८ वर्षांचे होते. या समारंभाच्या निमित्तानं माधवरावांनी ३३ वर्षांच्या रवि वर्मांना बडोद्याला बोलावलं. महाराज आणि राजघराण्यातल्या मंडळींची चित्रं झाली. काम संपलं, पैसे घेतले आणि गावाकडं निघाले, असं मात्र झालं नाही. संबंध टिकला. राजवाड्याच्या आवारात चित्रकारासाठी खास स्टुडिओ बांधला गेला.

ओळखीचं रूपांतर विश्वासात झालं. काही वर्षांनी सयाजीरावांनी पुराणातल्या प्रसंगांची १४ मोठी चित्रं सांगितली. रवि वर्मा धाकटे बंधू सी. राज राज वर्मा यांना घेऊन देशभर हिंडले. लोकांचे कपडे, दागिने, चेहरे पाहिले. नळ-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, हरिश्चंद्र-तारामती अशी चित्रं तयार झाली. बडोद्यात आणि मुंबईत ती पाहायला माणसांची झुंबड उडाली.

मळवलीचा छापखाना

राजवाड्यातलं चित्र गरिबाच्या घरी कसं जाणार? उत्तर माधवरावांनी आधीच सुचवलं होतं. चित्रांच्या रंगीत प्रती छापा, असा सल्ला त्यांनी दिला होता. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला. दगडावर चित्र उतरवून एकेक रंग वेगळा छापायचा, असं ते किचकट काम. मुंबईत प्लेग आल्यावर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला.

धंदा काही जमला नाही. कर्ज वाढलं आणि छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. चित्रकार तोट्यात गेला, पण चित्रं गावोगावी गेली. ज्यांना त्या काळी देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्या झोपडीतही लक्ष्मी आणि सरस्वती येऊन बसल्या. ही रूपं पाश्चात्त्य वळणाची आहेत, अशी टीका पुढच्या चित्रकारांनी केली. लोकांनी मात्र ती भिंतीवरून उतरवली नाहीत.

१९०५ मध्ये सावलीसारखा सोबत असलेला धाकटा भाऊ गेला. त्यानंतर रवि वर्मा खचले. मधुमेहानंही गाठलं होतं. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किलिमानूरला त्यांनी डोळे मिटले. वय ५८.

त्यांची मूळ चित्रं आजही बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या संग्रहालयात आहेत. कुणी त्या बाजूला गेलं तर वाकडी वाट करून जरूर पाहावीत. कवळाण्याच्या पोरानं एका परक्या मुलखातल्या कारागिराला जीव लावला, त्याचं फळ तिथं भिंतीवर दिसतं.