फुलांचे वाळवंट

वाळवंट म्हटले की तापलेली वाळू आणि काटेरी निवडुंग एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या वाळवंटात वसंत ऋतूत कधी कधी मोठा चमत्कार घडतो. तेथील फुलझाडांचे बी वर्षानुवर्षे वाळूत निपचित पडून असते. एखाद्या हलक्या सरीला ते भुलत नाही. हिवाळ्यात पुरेसा पाऊस मुरला, तरच ते रुजते. मग पिवळ्या, जांभळ्या, पांढऱ्या फुलांचे गालिचे पसरतात. थोड्याच आठवड्यांत ती झाडे नवे बी वाळूच्या स्वाधीन करून सुकून जातात. हे वाळवंट जपण्यासाठी मिनर्व्हा हॉइट या बाईंनी आपले आयुष्य वेचले.

मिनर्व्हाबाईंचा जन्म १८६६ साली मिसिसिपी राज्यात झाला. त्यांचे पती शस्त्रवैद्य होते. विवाहानंतर काही वर्षांनी हे कुटुंब कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. घरी कशाचीच वाण नव्हती. बाईंना बागकामाची विलक्षण आवड होती. पण दैव फिरले. त्यांचे तान्हे मूल दगावले. १९१८ साली पतीही निवर्तले. दुःखाने पोळलेल्या मिनर्व्हाबाई वाळवंटात जाऊन उघड्या आकाशाखाली मुक्काम करू लागल्या. तेथील शांततेने त्यांच्या मनाला धीर दिला.

परंतु त्याच काळात मोटारींचा प्रसार झाला. शहरांतील हौशी लोक वाळवंटात येत आणि आपल्या बागांसाठी निवडुंग मुळासकट उपटून नेत. काही जण तर जोशुआ नावाचे उंच वृक्ष रात्री पेटवून देत. ज्या भूमीने आपल्याला सावरले, ती उजाड होताना बाईंना पाहवेना.

ज्यांनी वाळवंट कधी पाहिलेच नाही, त्यांना त्याचे मोल कसे पटावे? मिनर्व्हाबाईंनी खडक, वाळू व वनस्पती दूरवर नेऊन न्यूयॉर्क, बॉस्टन आणि लंडन येथे प्रदर्शने भरविली. १९३० साली त्यांनी वाळवंटरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. पुढे त्यांनी सरकारकडे संरक्षणाची मागणी केली. १९३४ साली पाहणीस आलेल्या अधिकाऱ्याचे मत मात्र प्रतिकूल पडले. तरीही बाई खचल्या नाहीत. त्यांनी तज्ज्ञांकडून अहवाल लिहवून घेतले, छायाचित्रांचे संग्रह सिद्ध केले आणि थोरामोठ्यांची दारे ठोठावली.

अखेर १० ऑगस्ट १९३६ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुमारे ८,२५,००० एकर प्रदेश संरक्षित म्हणून घोषित केला. १९४५ साली मिनर्व्हाबाईंचे निधन झाले. त्यांच्या मागे, १९५० साली, खाणींसाठी त्यातील बराच भाग वगळण्यात आला. परंतु १९९४ साली या प्रदेशास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि त्याच्या सीमा पुन्हा विस्तारल्या. तेथील एका शिखराला आता मिनर्व्हाबाईंचे नाव आहे. वसंतात दूरदूरचे लोक तेथील पायवाटांनी फुले पाहत हिंडतात. मात्र एकही फूल तोडण्याची तेथे कोणालाही मुभा नाही.