आकाशाचा छायाचित्रकार

अमेरिकेतील टेनेसी राज्यात नॅशव्हिल नावाचे शहर आहे. तेथे १६ डिसेंबर १८५७ रोजी एडवर्ड एमर्सन बर्नार्ड याचा जन्म झाला. पित्याचे छत्र त्याच्या जन्मापूर्वीच हरपले होते. पुढे लवकरच त्या देशात यादवी युद्ध पेटले आणि गोरगरिबांच्या हालांना पारावार उरला नाही. आई मेणाची फुले करून विके व दोन मुलांच्या तोंडी घास घाली. एडवर्डचे शाळेतील शिक्षण अवघे दोन महिने झाले. बाकीचे लिहिणे-वाचणे त्याला आईनेच शिकविले.

वयाची नऊ वर्षे पुरी होण्याच्या आतच त्याला एका छायाचित्रकाराच्या दुकानात नोकरी धरावी लागली. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. छायाचित्र मोठे करावयाचे, तर सूर्यप्रकाशावाचून गत्यंतर नसे. त्यासाठी दुकानाच्या गच्चीवर एक अजस्र यंत्र उभारलेले होते. त्याचे नाव ‘ज्युपिटर’, म्हणजे गुरू. सूर्य जसजसा सरके, तसतसे यंत्राचे तोंड हळूहळू फिरवून त्याच्या सन्मुख ठेवावयाचे, हे या मुलाचे काम. त्याच्या आधीच्या मुलांना या कंटाळवाण्या कामावर डुलकी येई. एडवर्ड मात्र तासन् तास उन्हात उभा राही. आकाशातील तेजाचा स्थिर हाताने पाठलाग कसा करावा, हे तो त्या गच्चीवर शिकला.

या दुकानात त्याने सतरा वर्षे काढली. १८७६ साली एका माणसाने त्याच्याकडून दोन डॉलर उसने नेले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवले. पैसे परत आले नाहीत. पण पुस्तक ज्योतिषशास्त्राचे निघाले! ते वाचून एडवर्डला ताऱ्यांचा ध्यास लागला. दुकानातील एका सहकाऱ्याने मोडक्या दुर्बिणीचे छोटे भिंग नळीत बसवून त्याला पहिली दुर्बीण करून दिली. तिने त्याचे समाधान होईना. शेवटी १८७७ साली त्याने पाच इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण विकत घेतली. किंमत ३८० डॉलर, म्हणजे त्याच्या वर्षाच्या कमाईचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग. आजारी आईचा भार शिरावर असताना एवढा खर्च करणे कोणास अविचाराचे वाटेल. परंतु तो पैसा वाया गेला नाही.

त्याच वर्षी शास्त्रज्ञांची एक परिषद नॅशव्हिलला भरली. प्रख्यात ज्योतिर्विद सायमन न्यूकम यांनी या तरुणाला गणितावाचून या शास्त्रात फारसे काही साधणार नाही, असे स्पष्ट सांगितले. ते ऐकून त्याच्या डोळ्यांना पाणी आले. पण रडत न बसता त्याने गणिताचा अभ्यास आरंभिला आणि दुर्बिणीने धूमकेतू शोधण्याचा उद्योग चालू केला. औषधांचा एक धनिक व्यापारी नव्या धूमकेतूमागे २०० डॉलरांचे पारितोषिक देत असे. १८८१ पासून बर्नार्ड यांनी अशी अनेक पारितोषिके मिळविली आणि त्या पैशातून घर बांधले. कर्जाच्या हप्त्याची मुदत आली, की एखादा धूमकेतू हाती लागे! त्या घराला ‘धूमकेतूंचे घर’ हेच नाव पडले.

१८८८ साली ते कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत दाखल झाले. तेथे त्या काळची जगातील सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती. भिंग ३६ इंच व्यासाचे, तर नळी सत्तावन्न फूट लांब! परंतु बर्नार्ड यांना प्रथम तिच्यावर काम करावयास मिळेना. वेधशाळेने सॅन फ्रान्सिस्कोतील एका छायाचित्रकाराकडून एक जुने भिंग घेतले होते. त्याचा व्यास सहा इंच होता आणि माणसांच्या तसबिरी काढण्यासाठी ते बनविलेले होते. बर्नार्ड यांनी ते लाकडी पेटीत बसविले आणि ती पेटी एका लहान दुर्बिणीला घट्ट बांधली.

आता या भिंगाचा गुण पाहा. त्याचे चित्र अवघ्या ३१ इंचांवर, म्हणजे व्यासाच्या सुमारे पाचपट अंतरावर उमटे. मोठ्या दुर्बिणीचे चित्र एकोणीसपट अंतरावर. अंतर वाढले, की चित्र मोठे होते, पण प्रकाश पसरून फिका पडतो. म्हणून आकाशगंगेसारखे विस्तीर्ण व मंद तेज टिपण्यास हे जुने भिंगच सरस ठरले. आकाशाचा पुष्कळ मोठा भाग त्यात एकदम मावे, हा आणखी एक लाभ.

मात्र पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात. यंत्र त्यांच्यामागून न फिरविल्यास ताऱ्याच्या ठिपक्याऐवजी रेघ उमटते. घड्याळाच्या यंत्राने दुर्बीण फिरे, पण त्यावर विसंबून भागत नसे. एक तारा लहान दुर्बिणीतील तारांवर धरून बर्नार्ड तीन-तीन तास थंडीत बसून राहत. गच्चीवरील पोराचेच ते काम होते. सूर्याच्या जागी तारा आला होता, एवढेच. १८८९ च्या उन्हाळ्यात त्यांनी घेतलेल्या चित्रांत आकाशगंगेतील ताऱ्यांचे ढग असे स्पष्ट उमटले, की तज्ज्ञही थक्क झाले.

९ सप्टेंबर १८९२ रोजी, मोठी दुर्बीण हाती येताच, त्यांनी गुरूचा पाचवा चंद्र शोधला. गॅलिलिओने १६१० साली चार चंद्र पाहिले, त्यानंतरचा हा पहिलाच. पुढच्याच महिन्यात त्यांच्या छायाचित्राच्या काचेवर एक नवा धूमकेतू सापडला. छायाचित्रावरून सापडलेला हा पहिला धूमकेतू मानतात.

१८९५ साली ते यर्क्झ वेधशाळेकडे गेले. कॅथरीन ब्रूस या बाईंच्या देणगीतून तेथे दहा इंच भिंगाचे छायाचित्रयंत्र तयार झाले. १९०५ साली ते माउंट विल्सनवर नेऊन बर्नार्ड यांनी सुमारे पाचशे चित्रे घेतली. आकाशगंगेतील काळे डाग ही रिकामी भोके नसून मागील तारे झाकणारे मेघ आहेत, हे अशा चित्रांवरून त्यांना हळूहळू पटत गेले. १९१९ साली त्यांनी अशा १८२ डागांची यादी प्रसिद्ध केली. त्याआधी, १९१६ साली, त्यांना भरभर सरकणारा एक तारा आढळला होता. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आकाशगंगेच्या चित्रांचा संग्रह छापताना छपाईत बारकावे जातील, या भीतीने त्यांनी प्रत्येक प्रतीत खरी छायाचित्रे चिकटविण्याचे ठरविले. सातशे प्रती, प्रत्येकीत एक्कावन्न चित्रे. ती ३५,७०० चित्रे त्यांनी स्वतः तपासली. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ग्रंथ अपुराच होता. वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट आणि बर्नार्ड यांच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट यांनी तो पुरा करून १९२७ साली प्रसिद्ध केला.