तंजावरचे सरफोजीराजे : राज्य गमावलेला एक निसर्गअभ्यासक

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे 30 किलोमीटरवर असलेले वेरूळ हे गाव लेण्यांमुळे साऱ्या जगास ठाऊक आहे. त्याच गावची पाटीलकी भोसल्यांच्या घराण्याकडे होती आणि मालोजीराजांनी घृष्णेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला, हेही आपल्या वाचकांपैकी बहुतेकांस माहीत असेल. परंतु मालोजीराजांचे नातू व्यंकोजीराजे यांनी दूर कावेरीकाठी तंजावर येथे राज्य स्थापिले, तेथे हे घराणे 1855 पर्यंत नांदले, आणि त्याच शाखेत झाडे, पाने, पशू व पक्षी यांचा नाद असलेला एक विद्वान राजा होऊन गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. यंदाच्या स्मरणिकेत त्याच राजाचे, दुसऱ्या सरफोजीराजांचे, चरित्र थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

असे करण्यास एक खाजगी कारणही आहे. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; पुढील सारा जन्म मुलांस शिकविण्यात गेला. मृग लागला की मुले काडेपेटीत मखमलीसारखे तांबडे मृगाचे किडे घालून वर्गात आणीत. एके वर्षी आमच्या वरिष्ठांनी त्या पेट्या खिडकीबाहेर फेकावयास लावल्या. असले रिकामपणचे उद्योग शाळेत नकोत, असे त्यांचे मत. आम्ही मुकाट्याने पेट्या फेकविल्या. त्या वेळी सरफोजीराजांचे चरित्र ठाऊक असते, तर दोन शब्द बोलण्याचे धैर्य कदाचित आले असते.

सरफोजीराजांचा जन्म 1777 सालचा. तंजावरचे तुळजाजीराजे निपुत्रिक होण्याच्या दुःखात होते. त्यांनी 1787 मध्ये, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, भोसले घराण्याच्याच एका शाखेतील या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. राजे निवर्तल्यावर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंग गादीवर बसले आणि दत्तविधान अशास्त्रीय ठरविले गेले. मुलास एका वाड्यात जवळजवळ कोंडून ठेवण्यात आले. ना शिक्षण, ना मोकळी हवा. ज्याने पुढे पाखरांची चित्रे काढविली त्याचे बाळपण असे भिंतींकडे पाहण्यात गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तुळजाजींनी मुलावर नजर ठेवण्याची विनंती श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्यास केली होती. त्याने शब्द पाळला. कंपनी सरकारकडे खटपट करून त्याने मुलास मद्रासेस हलविले व तेथे त्याच्या अध्ययनाची सोय लाविली. पाद्र्यांच्या सहवासात वाढूनही सरफोजींनी आपला धर्म सोडला नाही, आणि गुरूविषयीची कृतज्ञताही सोडली नाही. 1798 मध्ये श्वार्ट्झ वारला. त्याच्या स्मरणार्थ राजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करविले. त्यात मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरून राजे उभे आहेत.

त्याच वर्षी त्यांस गादी मिळाली, पण ती फार महागात पडली. 1799 च्या तहाने सारा राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व आसपासचा थोडा मुलूख, सालीना एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. वयाच्या बाविसाव्या वर्षी, करण्यासारखे काही नाही अशा स्थितीत एक राजा वाड्यात बसला. अशा स्थितीत कित्येक संस्थानिकांनी काय केले हे आपण इतिहासात वाचतोच. त्याचा पाल्हाळ नको.

सरफोजींनी ग्रंथ मागविले. सरस्वती महाल हे पूर्वापार ग्रंथालय त्यांनी इतके वाढविले की, युरोपातील भाषांमधील छापील पुस्तकेच चार हजारांवर गेली. 1820 ते 1822 या काळात ते काशीयात्रेस गेले, तेव्हा तेथूनही पोथ्या मिळवून व नकलून आणविल्या. 1805 मध्ये त्यांनी वाड्यातच देवनागरी छापखाना घातला आणि त्यात मुलांसाठी इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. पुण्यामुंबईकडे छापील मराठी पुस्तक दुर्मिळ होते तेव्हाची ही गोष्ट!

पण आमचा विषय निसर्गाचा. तंजावरच्या पूर्वेस समुद्रकाठी तरंगंबाडी हे डेन्मार्कच्या ताब्यातील बंदर होते. तेथील जॉन, रॉटलर आदी पाद्री धर्मप्रसाराच्या जोडीने मासे, शंखशिंपले, कीटक व वनस्पती गोळा करून युरोपातील पंडितांस पाठवीत. वनस्पतिशास्त्रात रॉटलरचे नाव आजही घेतले जाते. या मंडळींशी राजांचा परिचय व पत्रव्यवहार होता. स्वीडनच्या लिनियसने प्रत्येक वनस्पतीस व प्राण्यास प्रजाती आणि जाती दाखविणारे दोन शब्दांचे नाव देण्याची रीत घालून दिली होती. ती रीत राजांनी ग्रंथांवरून समजून घेतली. वाड्यात त्यांनी पशुपक्षी पाळले, औषधी वनस्पतींची लागवड केली, आणि देवादिकांची चित्रे काढणाऱ्या तंजावरच्या चिताऱ्यांकडून पक्षी, प्राणी व वनस्पती यांची रंगीत चित्रे काढविली. सोन्याचा वर्ख लावून बालकृष्ण रंगविणाऱ्या हातांस आता समोरच्या पाखराचे पीस जसे आहे तसेच उतरावयाचे होते. आमच्या मते हा पालट लहान नव्हे. त्यांतील चित्रांचा एक संच कंपनीचा तंजावर येथील रेसिडेंट टॉरिन याच्यामार्फत लंडनला गेला. तो आज तेथील ब्रिटिश ग्रंथालयात आहे.

हा केवळ करमणुकीचा छंद होता काय? धन्वंतरी महालाकडे पाहता तसे म्हणवत नाही. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे वैद्य एकत्र बसून औषधे करीत, आणि गुण आलेले पाठ लिहून ठेवीत. नेत्ररोग्यांच्या तपासणीचे कागद, रोगी डोळ्यांच्या चित्रांसह, अद्याप शिल्लक आहेत. पाखराचे पीस नीट पाहण्याची सवय आणि माणसाचा डोळा नीट पाहण्याची सवय, या एकाच घरच्या.

राजांस केवळ साधुपुरुष ठरविण्याचा आमचा हेतू नाही. ते वाघाचे पट्टीचे शिकारी होते. आणि हे सारे वैभव ज्या वसुलावर चाले, तो कावेरीकाठच्या रयतेच्या घामाचाच होता. त्या वसुलावर पुढे हुकमत कंपनीची होती व त्यास राजांचा इलाज नव्हता, हेही खरे. 1826 च्या मार्चअखेरीस बिशप हेबर तंजावरास आला, तेव्हा लिनियस, ब्युफाँ व लव्हाझिए यांच्याविषयी हा हिंदी राजा सहज बोलतो हे पाहून तो थक्क झाला. ते वाचून आम्हांस आधी अभिमान वाटला, मागाहून खंतही वाटली. विद्वान राजा म्हणून इंग्रजांनी त्यांचे कौतुक केले. राज्य मात्र परत दिले नाही.

1832 च्या मार्चमध्ये सरफोजीराजे वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 मध्ये पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. खाजगी मालमत्तेवरही टाच आली व राणीसाहेबांस कोर्टात जावे लागले. ग्रंथालय मात्र वाचले. 1918 मध्ये ते सर्वांस खुले झाले व आजही चालू आहे. तंजावरास जाणाऱ्याने बृहदीश्वराच्या देवळाची भिंतही अवश्य पाहावी. 1803 मध्ये सरफोजींनी भोसले वंशाचा इतिहास तेथे मराठीत कोरविला आहे. तमिळ मुलखात इतका लांबलचक मराठी लेख पाहून आपला माणूस क्षणभर थबकतो.

गेल्या मृगात आमचा नातू अंगणातून काडेपेटीत एक तांबडा किडा घेऊन आला. आम्ही चष्मा लाविला आणि दोघांनी मिळून त्याचे पाय मोजले. आठ भरले. कीटकास सहा पाय असतात. तेव्हा नाव किडा असले तरी हा प्राणी गोत्राने कोळ्याच्या जवळचा. नातवाने ते वहीत लिहून घेतले, शेजारी चित्र काढले, आणि पेटी उघडून त्यास परत जास्वंदीच्या बुडाशी सोडून दिले.