बद्रच्या यादीत नसलेले नाव

आज १७ रमजान. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२४ च्या मार्च महिन्यात, बद्रच्या विहिरींजवळ इस्लामच्या इतिहासातील पहिली निर्णायक लढाई झाली ती याच दिवशी. एका बाजूला मक्केच्या कुरैशांचे सुमारे एक हजारांचे सैन्य होते. दुसऱ्या बाजूला पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यासोबत ३१३ च्या आसपास साथी. त्यांच्याकडे घोडे दोन आणि उंट ७०. एकेका उंटावर तिघे-तिघे आळीपाळीने बसत मदिनेहून निघाले होते. लढाई जिंकली, १४ सहाबा शहीद झाले आणि जे परतले त्यांना बद्री म्हणून आयुष्यभर मान मिळाला. पुढे खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी सरकारी मानधनाची नोंदवही तयार केली, तेव्हा बद्रमध्ये लढलेल्यांसाठी वर्षाला पाच हजार दिरहम ठरवले.

बद्रच्या त्या यादीत हजरत जैद बिन साबित (रजि.) यांचे नाव नाही. पण आज घराघरांत रेहालवर उघडला जाणारा कुरआन ज्यांच्या हातून एकत्र लिहिला गेला, ते हेच जैद.

जैद मदिनेच्या खजरज कबिल्यातील बनू नज्जार घराण्यातले. हिजरतीच्या आधी मदिनेतल्या दोन कबिल्यांमध्ये बुआसची लढाई झाली. तिच्यात त्यांचे वडील मारले गेले, तेव्हा जैद सहा वर्षांचे होते. आई नवार बिन्त मालिक यांनी त्यांना वाढवले. पैगंबर (स.) मदिनेत आले तेव्हा जैद अकरा वर्षांचे होते आणि त्यांना कुरआनच्या अनेक सूरह तोंडपाठ होत्या. घरच्यांनी त्यांना पैगंबरांसमोर नेले. मुलाचे पठण ऐकून पैगंबर खूश झाले.

दोन वर्षांनी बद्रची तयारी सुरू झाली. तेरा वर्षांचे जैदही तलवार घेऊन हजर झाले. तलवार त्यांच्या उंचीएवढी होती, असे सांगतात. पैगंबरांनी त्यांना मायेने समजावले आणि वय लहान असल्यामुळे घरी परत पाठवले. वडील गमावलेले ते पोर डोळे पुसत आईकडे आले.

बद्रनंतर कुरैशांचे ७० कैदी मदिनेत आणले गेले. ज्यांची ऐपत होती त्यांनी खंडणी भरून सुटका करून घेतली. ज्यांच्याकडे पैसा नव्हता, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांच्यासाठी वेगळी अट ठेवण्यात आली. मदिनेतल्या दहा मुलांना लिहायला शिकवायचे आणि मोकळे व्हायचे. काही रिवायतींनुसार, या कैद्यांकडून अक्षरे गिरवणाऱ्या मुलांमध्ये जैदही होते. ज्या लढाईला त्यांना जाता आले नाही, तिच्यातूनच त्यांच्या हाती लेखणी आली.

त्यांची बुद्धी तल्लख होती. पैगंबरांच्या सांगण्यावरून त्यांनी यहुदींची लिपी अवघ्या पंधरवड्यात आत्मसात केली आणि पत्रव्यवहार सांभाळू लागले. पुढे वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, अवतरली की ती लिहून घेण्यासाठी पैगंबर अनेकदा जैदना बोलावत. हिजरी ५ मध्ये खंदकच्या लढाईत त्यांना अखेर सहभागी होता आले. तिथे माती वाहून थकलेल्या या पोराला झोप लागली आणि कोणीतरी गमतीने त्याची शस्त्रे लपवली. हे कळल्यावर पैगंबरांनी थट्टेतसुद्धा कोणाला असे घाबरवू नये, अशी ताकीद दिल्याचे सांगितले जाते.

पैगंबरांच्या निधनानंतर यमामाची भीषण लढाई झाली. तिच्यात कुरआन मुखोद्गत असलेले अनेक सहाबा शहीद झाले. हजरत सालिम (रजि.) यांच्यासारखे बद्री आणि नामांकित कारीही त्यांत होते. हजरत उमर अस्वस्थ झाले. लढाया सुरूच राहणार होत्या, आणि अशीच माणसे जात राहिली तर त्यांच्यासोबत त्यांच्या छातीत जपलेला कुरआनही जाईल, ही त्यांची चिंता होती. त्यांनी खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांना कुरआन एकत्र लिहून ठेवण्याचा आग्रह केला. जे काम पैगंबरांनी केले नाही ते आपण कसे करावे, या विचाराने खलिफा आधी थबकले, मग राजी झाले. काम सोपवले जैद यांच्यावर. तेव्हा ते विशीच्या सुरुवातीला होते. एखादा डोंगर हलवणे यापेक्षा हलके वाटले असते, असे त्यांनी नंतर सांगितले.

जैद स्वतः हाफिज होते, तरी त्यांनी नुसत्या स्वतःच्या स्मरणावर विसंबून एकही आयत लिहिली नाही. खजुराच्या फांद्यांचे देठ, पातळ दगड, चामड्याचे तुकडे, जनावरांची रुंद हाडे, जिथे जिथे लिहिलेले होते तिथून त्यांनी ते गोळा केले. लेखी पुरावा आणि साक्ष तपासली, पाठ असलेल्यांशी ताडून पाहिले. सूरह तौबाच्या शेवटच्या आयती लिखित स्वरूपात एकाच अन्सारी सहाबींकडे सापडल्या, तोवर शोध थांबला नाही. ही पाने अबू बकर, मग उमर आणि त्यानंतर उमर यांच्या कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सुरक्षित राहिली.

सुमारे बारा-तेरा वर्षांनी आर्मेनिया आणि अझरबैजानच्या आघाडीवरून हजरत हुजैफा (रजि.) घाईने मदिनेत आले. शाम आणि इराकचे सैनिक पठणातील फरकांवरून भांडत होते. खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांनी हफ्सा यांच्याकडची पाने मागवली आणि जैद यांच्यासह चौघांना प्रती तयार करण्यास बसवले. त्या प्रती प्रांतोप्रांती गेल्या.

विशेष म्हणजे हे तिघेही बद्रच्या रणात नव्हते. जैद वयाने लहान होते. हुजैफा यांनी कुरैशांना न लढण्याचा शब्द दिला होता आणि पैगंबरांनीच त्यांना तो पाळायला सांगितले. उस्मान यांच्या पत्नी, पैगंबरांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. त्यांच्या शुश्रूषेसाठी पैगंबरांनी उस्मान यांना मदिनेत ठेवले आणि लढाईतला वाटाही दिला. वयाची मर्यादा, दिलेला शब्द आणि रुग्णसेवा यांचा मान बद्रच्या धामधुमीतही राखला गेला.

जैद पुढे वारसाहक्काच्या कायद्याचे सर्वांत मोठे जाणकार मानले गेले. पैगंबरांचे चुलतभाऊ हजरत इब्ने अब्बास (रजि.) आदराने त्यांच्या घोड्याची रिकीब धरत. हिजरी ४५ च्या सुमारास मदिनेत त्यांचे निधन झाले.

आज बद्रच्या शहिदांसाठी दुआ होईल. रात्री तरावीहमध्ये हाफिज कुरआन ऐकवतील, तेव्हा तलवार हाती घेऊन आलेल्या आणि घरी परतवलेल्या त्या तेरा वर्षांच्या मुलालाही दुआत आठवावे.