पाच पौंडांची उधारी आणि चावीची गाडी

दिवाळीनंतर शहापूरला परतलो तेव्हा माझ्या बॅगेत फराळाच्या डब्याखाली आणखी एक डबा होता. त्यात आजोबांची चावीची आगगाडी! एक इंजिन, तीन डबे आणि थोडे रूळ. काकांचं म्हणणं, ही आता जुनी चीज झाली, काचेच्या कपाटात ठेव. मला मात्र ती पळवायची होती. इंजिनावर हॉर्नबी हे नाव दिसलं. हा बाबा कोण, म्हणून वाचायला घेतलं आणि गाडीआधी त्या माणसातच गुंतलो.

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूल येथे झाला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते वडिलांच्या धंद्यात कॅशिअर झाले. १८९९ मध्ये वडील वारल्यावर मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून नोकरी धरली. इंजिनिअरिंगची पदवी नाही की कॉलेजचं वर्कशॉप नाही!

घरी रोलंड आणि डग्लस ही दोन मुलं. त्यांच्यासाठी ते पत्रा कापून खेळणी करायचे. पण प्रत्येक खेळण्याला नवे तुकडे कापावे लागत. मग त्यांनी सगळ्या पट्ट्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर सारखी भोकं पाडली. नट-बोल्ट लावा, क्रेन तयार. सोडवा, त्याच पट्ट्यांचा पूल. आपण परीक्षेच्या आदल्या रात्री इंटरचेंजेबल पार्ट्स म्हणून जे घोकतो ना, तेच हे.

पेटंटसाठी पैसे नव्हते. मालक डेव्हिड इलियट यांच्याकडून त्यांनी ५ पौंड उसने घेतले. दोन मुलांचा बाप, साधी नोकरी आणि खेळण्यासाठी खुद्द मालकाकडून उधारी! आपल्या घरी काय ऐकावं लागलं असतं, विचार करा. १९०१ मध्ये पेटंटचं काम झालं आणि इलियट पुढे भागीदारच झाले. लिव्हरपूलचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हेले-शॉ यांनीही या खेळण्याची शिफारस केली. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये भेटणारे हेले-शॉ ते हेच. १९०७ मध्ये मेकॅनो हे नाव नोंदलं गेलं.

१९२० मध्ये हॉर्नबींच्या चावीच्या आगगाड्या आल्या. सुरुवातीच्या गाड्यासुद्धा नट-बोल्टच्या, म्हणजे सोडवून पुन्हा जोडता येणाऱ्या. १९२५ मध्ये विजेवरची गाडी आली. १९३१ मध्ये हा हिशेबनीस ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेला. १९३४ मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या भागांपासून डिफरन्शियल इक्वेशन्स सोडवणारं यंत्र उभं केलं. पोरांसाठी पाडलेली भोकं कुठे जाऊन पोचली बघा! २१ सप्टेंबर १९३६ रोजी हॉर्नबी गेले. लहान घरात मावणारी, जवळपास निम्म्या मापाची डब्लो गाडी १९३८ मध्ये आली; ती काही त्यांना पाहता आली नाही.

माझी गाडी मात्र मोठ्या मापाची, दोन रुळांत ३२ मिलिमीटर अंतर असलेली. होस्टेलच्या कॉटवरची फळी ६ बाय ३ फूट. हॉर्नबींचे वळणाचे रूळ १ फूट आणि २ फूट त्रिज्येचे मिळत. दोन फुटी गोलाला चार फुटांहून जास्त रुंदी हवी, म्हणजे बादच. नशिबानं आजोबांचे रूळ एक फुटी निघाले. गोल सव्वादोन फुटांत बसला, मधे सरळ रूळ घालून लांबट केला. कोपऱ्यात पुठ्ठ्याचं स्टेशन उभं केलं, नाव अर्थातच वरठी. चाकांना थेंबभर मशीन ऑइल दिलं आणि चावी फिरवली. गाडी अडखळली, मग धडधडत निघाली. अख्खी विंग गोळा झाली!

दुसऱ्याच फेरीत वळणावर इंजिन उलटलं आणि रंगाचा टवका उडाला. पोटात धस्स झालं, काका आठवले. पण हॉर्नबींनी ही खेळणी आपल्या पोरांच्या हातात देण्यासाठीच सुरू केली होती. म्हणून काकांना फोनवर टवक्याचंही सांगितलं. ते जरा वेळ गप्पच होते. मग आजोबा चावी किती फेरे द्यायचे, ते सांगत बसले.

पुण्याला गेलात तर कर्वे रोडवरचं, १९९८ मध्ये सुरू झालेलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम जरूर पाहा. तोवर आमच्या वरठीला या. तिकीट नाही, फक्त चावी हळू फिरवा!