वाचन आणि वर्तन : गागोद्याचे विनोबा भावे

पेण तालुक्यात गागोदे म्हणून एक लहानसे गाव आहे. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. तेच पुढे विनोबा या नावाने प्रसिद्धीस आले. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि शास्त्र कसे वाचावे, हे पेण-रोह्याकडील आमच्या मंडळ्यांनी ह्या शेजाऱ्यापासून अवश्य शिकावे.

त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई मोठ्या भाविक होत्या. गीतेवरील प्रवचनास त्या जात, परंतु संस्कृत श्लोक त्यांस उमगत नसत. मुलाने एक मराठी पद्यानुवाद आणून दिला. तोही कठीण वाटला. तेव्हा तूच सोपे करून का लिहीत नाहीस, असे त्यांनी मुलास विचारले. १९१६ साली विनोबा घर सोडून गांधीजींच्या आश्रमात गेले, आणि १९१८ साली माउली निवर्तली. मुलगा मात्र तिची इच्छा विसरला नाही. १९३० साली त्यांनी सोप्या मराठीत गीताई लिहावयास घेतली व पुढील वर्षी ती पूर्ण केली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी कैद्यांस गीता समजावून दिली. ती अठरा प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली.

परंतु विनोबांचे वाचन पोथीपाशी थांबले नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी त्यांजपाशी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी गावापुढे ठेविली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तेथून भूदानाचा आरंभ झाला. पुढे सुमारे तेरा वर्षे ते गावोगाव पायी फिरले. मिळालेली सर्वच जमीन गरिबांच्या हाती पडली नाही, पुष्कळशी नापीकही निघाली. तरी हजारो घरांस नांगर धरावयास भूमी मिळाली. कुराण व नवा करार यांचाही त्यांनी मनःपूर्वक अभ्यास केला आणि ख्रिस्तधर्मसार नामक संग्रह सिद्ध केला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचा अंत झाला.

बंधुभगिनींनो, विनोबांच्या मातेस जी अडचण होती ती आपणांस नाही. साध्या माणसांस देवाचे वचन कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले आणि १९२२ साली, मरणापूर्वी, ते काम संपविले. ग्रंथ आपल्या हाती आहे, भाषाही आपलीच आहे. मग उणे कशाचे? वचन ऐकून तसे न वागणारा स्वतःस फसवितो, असा इशारा याकोबाच्या पत्रात आहे. उपदेशकांनी रविवारी पाठ वाचल्यावर मंडळीस एवढेच विचारावे की, ह्या वचनाने सोमवारी शेतावर, मजुरी देताना, भाऊबंदांच्या बांधावर आपल्या हातून काय घडणार आहे? ज्या घरी ह्या प्रश्नास उत्तर मिळेल, त्या घरी शास्त्र खरोखर वाचिले गेले असे समजावे.