रॉबर्ट सर्व्हिस

रॉबर्ट विल्यम सर्व्हिस (१६ जानेवारी, १८७४:प्रेस्टन, इंग्लंड - ११ सप्टेंबर, १९५८:लान्सिये, फ्रान्स) हे इंग्रजी भाषेतील कवी व कादंबरीकार होते. कॅनडाच्या वायव्य टोकाकडील युकॉन प्रदेशावर रचलेल्या कथाकाव्यांमुळे ते युकॉनचे भाट म्हणून ओळखले जातात.

जीवन

सर्व्हिस यांचे बालपण स्कॉटलंडमध्ये गेले. ग्लासगो येथे बँकेत नोकरी केल्यानंतर ते कॅनडाला गेले व काही वर्षे मिळेल ते काम करीत पश्चिम किनाऱ्यावर भटकले. १९०३मध्ये ते पुन्हा बँकेत कारकून झाले. १९०४मध्ये बँकेने त्यांची बदली युकॉनमधील व्हाइटहॉर्स येथे केली. क्लोंडाइकची सुवर्णधाव (१८९६-१८९९) तोपर्यंत ओसरली होती. ज्या काळाचे ते कवी मानले जातात तो त्यांनी पाहिलाच नव्हता. मागे राहिलेल्या खाणकामगारांच्या गप्पांतून तो त्यांच्यापर्यंत पोचला.

काव्य

साँग्स ऑफ अ सावरडो (१९०७) हा पहिला संग्रह ते पदरमोड करून छापणार होते. परंतु छापखान्यातील कामगारांनाच कविता आवडल्या आणि प्रकाशकाने पैसे परत करून मानधन देऊ केले. सावरडो म्हणजे आंबवलेले पीठ. पावासाठी ते जवळ बाळगणाऱ्या मुरलेल्या युकॉनवासीयालाही हेच नाव पडले होते, तर नवख्याला चीचाको म्हणत. दुसऱ्या संग्रहाच्या शीर्षकात (१९०९) सर्व्हिस यांनी चीचाको हा शब्द योजला.

द क्रिमेशन ऑफ सॅम मॅगी ही त्यांची सर्वांत गाजलेली विनोदी कविता होय. टेनेसीचा एक माणूस थंडीने गारठून मरतो. दिलेल्या वचनानुसार सोबती त्याचे शव सोडून दिलेल्या बोटीच्या भट्टीत घालतो. काही वेळाने दार उघडतो, तर मृत सॅम आत ऊब घेत आरामात बसलेला! खरे सॅम मॅगी हे त्याच बँकेचे खातेदार होते व ते ऑन्टारियोचे होते. केवळ यमकासाठी उचललेल्या नावाचे हे मूळ मालक कवितेनंतर ३०हून अधिक वर्षे जगले.

सर्व्हिस स्वतःला कवी न म्हणवता पद्यकार म्हणवीत. युकॉनच्या मूळ रहिवाशांना मात्र त्यांच्या काव्यात फारसे स्थान मिळाले नाही.

उत्तरायुष्य

१९१२मध्ये युकॉन सोडून ते बाल्कन युद्धाचे वार्ताहर व पुढे पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिकाचालक झाले. या युद्धात त्यांचा भाऊ आल्बर्ट मारला गेला; १९१६चा संग्रह त्याला अर्पण केलेला आहे. १९१३मध्ये विवाह झाल्यानंतर त्यांनी बहुतेक आयुष्य फ्रान्समध्येच व्यतीत केले. दुसऱ्या महायुद्धात हॉलिवूडमध्ये असताना द स्पॉयलर्स (१९४२) या चित्रपटात ते स्वतःच्याच छोट्या भूमिकेत दिसले. त्याचे कथानक १९००च्या अलास्कातील सुवर्णधावेचे आहे.